कीटक प्रथिनं आणि पेट फूड: मराठवाड्याच्या रेशीम कोषात दडलेला कच्चा माल

कुत्र्याच्या खाद्याचं पाकीट उलटं करून मागची घटकांची यादी वाचली, तर मका, तांदूळ, सोयाबीन पेंड, चिकन मील असे ओळखीचे शब्द दिसतात. युरोप-अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या काही पाकिटांवर गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या घटकाची भर पडली आहे: कीटक प्रथिन. म्हणजे खाद्यासाठी वापरलेल्या किड्यांची वाळवून, तेल काढून केलेली पूड.

ऐकायला विचित्र वाटतं. पण मी मूळचा परभणी जिल्ह्यातला. आमच्याकडे किडे पाळणं ही काही नवलाची गोष्ट नाही. तुतीचा पाला घालून रेशमाच्या अळ्या वाढवायच्या, कोष विकायचे, हा जोडधंदा मराठवाड्यात हजारो शेतकरी करतात. त्यामुळे या विषयावर वाचायला लागल्यावर माझा पहिला प्रश्न होता, "मग आपल्याकडच्या अळीचं काय होतं?" त्याचं उत्तर शोधता शोधता हा लेख तयार झाला.

या लेखात आपण पाहू: कीटक प्रथिन म्हणजे काय, ते पेट फूडमध्येच का आलं, नियम काय आहेत, कुत्र्या-मांजरांना ते चालतं का, आणि मराठवाड्याला यात खरोखर किती वाव आहे.

कीटक प्रथिन म्हणजे नेमकं काय?

प्रक्रिया तशी साधी आहे. अळ्या वाढवायच्या, उष्णता देऊन मारायच्या, सुकवायच्या, दाबून तेल वेगळं करायचं आणि उरलेला भाग दळायचा. सोयाबीनचं तेल काढल्यावर जशी पेंड उरते, तशीच ही किड्याची पेंड. उद्योगात तिला 'इन्सेक्ट मील' म्हणतात.

जगात खाद्यासाठी मुख्यतः हे कीटक वापरले जातात:

१. ब्लॅक सोल्जर फ्लाय, म्हणजे काळी सैनिक माशी. सगळ्यात जास्त बोलबाला हिचाच. अळी दोनेक आठवड्यांत तयार होते. मोठी माशी चावत नाही आणि घरातल्या माशीसारखी अन्नावर घोंगावतही नाही.

२. मीलवर्म. जुन्या पिठात, धान्यात सापडणाऱ्या भुंग्याच्या एका जातीची ही अळी.

३. रातकिडे. माणसांच्या खाण्यासाठीही पाळले जातात.

४. रेशीम किड्याचा प्युपा. कोषातून धागा काढल्यावर आत उरणारा, तपकिरी रंगाचा, शेंगदाण्याएवढा जीव. याच्यासाठी वेगळं पालन करावं लागत नाही. तो रेशीम धंद्याचा उपपदार्थ आहे.

पहिल्या तिघांना खाद्यासाठीच पाळावं लागतं. चौथा आधीपासून तयार होतो आहे. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे.

पेट फूडमध्येच का?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये खाण्यायोग्य कीटकांवर एक मोठा अहवाल काढला आणि या विषयाकडे जगाचं लक्ष गेलं. पण माणसाच्या ताटात किडा जाणं कठीण. नाक मुरडणारे खूप. कुत्र्याला तो अडथळा नाही. त्याला वास आणि चव आवडली की झालं.

दुसरं कारण पर्यावरणाचं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे ग्रेगरी ओकिन यांनी २०१७ मध्ये एक अंदाज मांडला. अमेरिकेत पशुजन्य अन्न तयार करताना जमीन, पाणी, इंधन वगैरेंवर जो भार पडतो, त्यातला साधारण २५ ते ३० टक्के वाटा कुत्र्या-मांजरांच्या खाण्याचा आहे, असा तो अंदाज. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. भाकरी-दूध, उरलेला भात, चिकनच्या दुकानातले पाय आणि गळे यावर अजून बहुसंख्य कुत्री वाढतात. पण शहरांत पाकिटाचं खाद्य वाढतं आहे.

तिसरं कारण बाजाराचं. कोंबडीच्या किंवा माशाच्या खाद्यात प्रत्येक रुपयाचा हिशोब होतो आणि तिथे कीटक पेंड महाग पडते. पेट फूडचा ग्राहक मात्र जनावराच्या तब्येतीसाठी चार पैसे जास्त मोजतो. म्हणून कंपन्यांनी सुरुवात इथून केली. नेस्लेच्या प्युरिनाने २०२० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये काळ्या सैनिक माशीच्या अळीचं प्रथिन असलेलं खाद्य आणलं. मार्स कंपनीने २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये मांजरांसाठी 'लव्हबग' नावाचं कीटक खाद्य आणलं.

नियम काय सांगतात?

युरोपीय संघाने १ जुलै २०१७ पासून मत्स्यपालनाच्या खाद्यात सात जातींच्या कीटकांचं प्रथिन वापरायला परवानगी दिली. २०२१ मध्ये ती कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यापर्यंत वाढवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यादीत आठवी जात आली, आणि ती होती आपला तुतीवरचा रेशीम किडा. म्हणजे प्युपाची पेंड युरोपात अधिकृत खाद्य घटक ठरली.

अमेरिकेत खाद्य घटकांच्या व्याख्या ठरवणाऱ्या 'आफ्को' या संघटनेने २०२१ मध्ये काळ्या सैनिक माशीच्या सुकवलेल्या अळीला प्रौढ कुत्र्यांच्या खाद्यासाठी मान्यता दिली. 'प्रौढ' हा शब्द महत्त्वाचा. पिल्लांसाठी आणि मांजरांसाठी ती मान्यता तेव्हा नव्हती.

भारतात कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस ११९६८ हे मानक आहे. माणसांच्या अन्नावर लक्ष ठेवणाऱ्या एफएसएसएआयचं क्षेत्र वेगळं. म्हणून एखाद्या पाकिटावर कोणतं चिन्ह आहे आणि ते कशाबद्दल आहे, हे ग्राहकाने बघूनच घ्यावं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. "किडे कचरा खातात आणि त्याचं प्रथिन होतं" असं अनेक व्हिडिओंत सांगतात. तांत्रिकदृष्ट्या काळी सैनिक माशी हे करू शकते. पण युरोपात खाद्यासाठी पाळलेला कीटक कायद्याने 'पाळीव पशू' ठरतो, त्यामुळे त्याला शेण, हॉटेलचं खरकटं असं काही घालता येत नाही. अळीने जे खाल्लं ते पुढे कुत्र्याच्या पोटात जाणार, म्हणून ही काळजी.

मराठवाड्याचा कीटक: रेशीम अळी

आता घरच्या गोष्टीकडे. परभणी म्हणजे काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर. पाऊस हुकला की सगळं हुकतं. तुतीला पाणी लागतं, पण एकदा लागवड झाली की ती बरीच वर्षं पाला देते. आणि रेशमाची एक बॅच महिन्याभरात हातात पैसे देते. सोयाबीनला चार महिने थांबावं लागतं, इथे नाही. म्हणूनच विहीर किंवा कालव्याचं पाणी असलेला शेतकरी एक एकर तुतीचा विचार करतो. रोजगार हमी योजनेतून तुती लागवडीला आणि संगोपनगृहाला मदतही मिळते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शेतकरी 'अंडीपुंज' आणतो, किंवा चॉकी केंद्रातून बाल्यावस्थेतल्या अळ्या आणतो. एका अंडीपुंजात साधारण चारशे ते पाचशे अंडी. अळी पंचवीस-अठ्ठावीस दिवस तुतीचा पाला खाते, चार वेळा कात टाकते आणि मग चंद्रिकेवर कोष विणते. कोष विणून झाला की आत तिचा प्युपा होतो. कोष काढून बाजारात नेतात.

पूर्वी मराठवाड्यातला माल मोठ्या प्रमाणात थेट कर्नाटकातल्या रामनगरच्या बाजारात जायचा. रात्रीच्या गाडीने पोती टाकून माणसं निघायची. २०१८ मध्ये जालन्याच्या बाजार समितीत कोष खरेदी सुरू झाली आणि जवळचा पर्याय मिळाला. आमच्या नात्यातले एक काका रेशीम करतात. भावाची चौकशी करायची तर त्यांच्या फोनवर आजही जालना आणि रामनगर, दोन्हीकडचे आकडे असतात.

प्युपात काय असतं?

सुक्या प्युपात साधारण ५० ते ६० टक्के प्रथिन आणि २५ ते ३० टक्के तेल असतं. तेल काढलं की पेंडीतलं प्रथिन ६५ टक्क्यांच्या वर जातं. तुलनेसाठी, सोयाबीनच्या पेंडीत ते ४५ ते ४८ टक्के असतं. लायसिन आणि मेथिओनिन ही गरजेची अमिनो आम्लंही प्युपात चांगल्या प्रमाणात असतात.

हे माणसांना आधीपासून माहीत आहे. कोरियात उकडलेला प्युपा 'बोंदेगी' नावाने रस्त्यावर विकतात. आसाममध्ये एरी रेशमाचा प्युपा आवडीने खातात. जपानमध्ये तो माशांना घालण्याची जुनी पद्धत आहे. बंगळूरूची लूपवर्म ही कंपनी २०१९ मध्ये सुरू झाली, आणि रेशीम प्युपापासून खाद्यासाठी प्रथिन आणि तेल करणं हाच तिचा धंदा आहे. ती बंगळूरूतच का उभी राहिली, हे पुढे कळेल.

हिशोब मांडून बघू

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आकडे शीटमध्ये टाकल्याशिवाय चैन पडत नाही. खालचे आकडे सरासरी धरलेले आहेत. तुमच्या बॅचप्रमाणे ते कमी-जास्त होतील.

१. १०० अंडीपुंजांची एक चांगली बॅच: ७० किलो ताजे कोष.

२. ताज्या कोषात धाग्याचं कवच साधारण एक पंचमांश, बाकी प्युपा. म्हणजे सुमारे ५५ किलो ओला प्युपा.

३. ओल्या प्युपात तीन चतुर्थांश पाणी. सुकवल्यावर उरतो सुमारे १४ किलो.

४. तेल काढल्यावर पेंड सुमारे १० किलो.

५. कुत्र्याच्या कोरड्या खाद्यात ही पेंड २० टक्के घातली, तर ५० किलो खाद्य तयार होईल.

६. मध्यम आकाराचा कुत्रा दिवसाला २५० ग्रॅम खातो असं धरलं, तर हे झालं २०० दिवसांचं खाद्य.

एक एकर तुतीवर वर्षाला पाच बॅच निघाल्या तर १,००० दिवस, म्हणजे जवळपास तीन कुत्र्यांचं वर्षभराचं खाद्य. गावात एकाने रेशीम केलं तर तीन कुत्र्यांच्या प्रथिनाची मोठी गरज भागते. तीही असा माल वापरून, जो शेतकऱ्याच्या हिशोबात आज शून्य आहे.

पण याच हिशोबाची दुसरी बाजू बघा. वर्षाला पाच बॅचमधून पेंड मिळते फक्त ५० किलो. तिला कितीही चांगला भाव धरला तरी शेतकऱ्याचं घर त्यावर चालणार नाही. त्याचं खरं उत्पन्न कोषाच्या भावातूनच येणार. कोणी "प्युपा विकून श्रीमंत व्हा" म्हणत आला, तर त्याला हे सहा टप्पे दाखवा.

मग अडतं कुठे?

मूळ मुद्दा असा. शेतकरी प्युपा विकत नाही, तो कोष विकतो. प्युपा बाहेर निघतो तो कोषातून धागा काढला जातो तिथे, म्हणजे रीलिंगच्या ठिकाणी. आधी गरम हवेने कोष सुकवून आतला जीव मारतात, कारण पतंग बाहेर आला तर कवच फुटतं आणि धागा तुटतो. मग कोष गरम पाण्यात शिजवून धागा उलगडतात. एक किलो कच्चं रेशीम काढायला साधारण साडेसहा किलो ताजे कोष लागतात. याचा अर्थ, एक किलो रेशमामागे सव्वा किलोच्या आसपास सुका प्युपा तयार होतो. वजनात बघितलं तर रीलिंगचा कारखाना रेशमापेक्षा प्युपाच जास्त तयार करतो!

आपला कोष जर कर्नाटकात गेला, तर त्याच्यासोबत हे सगळं प्रथिनही कर्नाटकात जातं. पैठणी मराठवाड्याच्या पैठणची, आणि तिच्या रेशमासाठी मात्र बंगळूरूकडे बघायचं, ही गोष्ट आपण वर्षानुवर्षं ऐकतो. प्युपाची गोष्ट तिचाच पुढचा भाग आहे. लूपवर्मसारखी कंपनी बंगळूरूत उभी राहते, कारण प्युपा तिथे रोज, एका जागी, ताजा मिळतो.

'ताजा' हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. रीलिंगमधून निघालेला प्युपा ओला असतो. परभणीचा उन्हाळा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात ओला प्युपा काही तासांत सडायला लागतो. शिवाय त्याच्या तेलात अल्फा लिनोलेनिक आम्ल भरपूर. जवसाच्या तेलात असतं तेच. तब्येतीला चांगलं, पण हवेत लवकर खवट होणारं. म्हणून सुकवण्याची आणि तेल काढण्याची सोय रीलिंगच्या शेजारीच हवी. शंभर किलोमीटरवर नेऊन मग सुकवू म्हटलं तर माल गेला.

समजा महिन्याला एक टन पेंड करणारं छोटं युनिट काढायचं ठरवलं. वरच्याच हिशोबाने त्याला वर्षाला १,२०० बॅच लागतील. म्हणजे सुमारे २४० शेतकरी, आणि ८४ टन कोष. वर्षात ३०० दिवस काम धरलं तर रोज २८० किलो कोषांचं रीलिंग त्याच ठिकाणी व्हायला हवं. एप्रिल-मे मध्ये उन्हामुळे बरेच शेतकरी बॅच घेत नाहीत, तेव्हा साठवलेल्या सुक्या कोषांवर चालवावं लागेल. आकडा अशक्य नाही, पण एकट्या-दुकट्याचं कामही नाही. शेतकरी उत्पादक कंपनी, रीलिंग आणि प्युपा प्रक्रिया, तिन्ही एकाच आवारात असतील तरच जमेल.

इथे परभणीची एक जमेची बाजू आहे, जिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात रेशीम संशोधन योजना आहे. याच विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय इथेच आहे. आणि महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही परभणीतच. अळी कळणारे, सुकवणं-दळणं-टिकवणं कळणारे आणि कुत्र्याचं पोट कळणारे, असे तिघेही एकाच गावात आहेत. पेट फूडच्या घटकावर काम करायला नेमकी हीच तीन माणसं लागतात.

लेबलवरचं प्रथिन आणि खरं प्रथिन

कीटक खाद्य विकत घेणाऱ्यांनी हा भाग नक्की वाचा. प्रयोगशाळेत प्रथिन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. मांस, मासे यांच्यासाठी हे ठीक आहे. पण किड्याच्या अंगावर कायटिन नावाचं कडक आवरण असतं, खेकड्याच्या कवचात असतं तेच. कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, पण ते प्रथिन नाही. त्यामुळे आकडा फुगतो.

नेदरलँड्समधल्या वाखनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये काळी सैनिक माशी आणि मीलवर्मच्या अळ्यांसाठी ४.७६ हा गुणक सुचवला. म्हणजे सुक्या अळीच्या पाकिटावर ४२ टक्के प्रथिन लिहिलं असेल, तर खरं प्रथिन ३२ टक्क्यांच्या आसपास धरावं. फसवणूक म्हणून नाही, जुन्या सूत्रामुळे असं होतं. पण दोन पाकिटांची तुलना करताना हा फरक डोक्यात हवा.

बाकी पोषणाबद्दल:

• कॅल्शियम: काळ्या सैनिक माशीच्या अळीत खूप, रेशीम प्युपात कमी. दोन्ही बाबतींत खाद्याचं संतुलन वेगळं करावं लागतं. नुसती अळी म्हणजे पूर्ण आहार नव्हे.

• टॉरिन: मांजराला हे बाहेरून मिळालंच पाहिजे, नाहीतर डोळे आणि हृदय यांवर परिणाम होतो. कीटकांच्या खाद्यात ते वेगळं घातलेलं आहे का, हे पाहावं.

• ॲलर्जी: कोंबडी किंवा बीफची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांना नवीन प्रथिन म्हणून कीटक खाद्याचा उपयोग होऊ शकतो. पण कीटक, कोळंबी आणि घरातल्या धुळीतले सूक्ष्म माइट यांच्यातली काही प्रथिनं सारखी असतात. ज्या कुत्र्याला धुळीच्या माइटची ॲलर्जी आहे, त्याच्या बाबतीत आधी पशुवैद्यकाला विचारा.

खरंच शाश्वत आहे का?

जाहिरातीत कीटक प्रथिनाची तुलना नेहमी गोमांसाशी करतात. मग कमी जमीन, कमी पाणी, कमी वायू, सगळं छान दिसतं. पण कुत्र्याच्या पाकिटात मुळात उंची मांस नसतंच. त्यात कत्तलखान्यातून उरलेले भाग असतात, जे माणूस खात नाही. योग्य तुलना त्यांच्याशी करायला हवी, आणि तिथे फरक बराच कमी होतो.

दुसरी गोष्ट, कीटकाला काय खाऊ घातलं. जे धान्य कोंबडीला चाललं असतं तेच अळीला घातलं, वर हिवाळ्यात शेड तापवायला वीज जाळली, तर फायदा उरतो किती? थंड देशांत हे मोठं दुखणं आहे. फ्रान्सची 'इन्सेक्ट' ही मीलवर्म पाळणारी कंपनी २०११ मध्ये सुरू झाली, गुंतवणूकदारांकडून प्रचंड पैसा उभा केला, अमिएं शहराजवळ अवाढव्य कारखाना बांधला. २०२४ मध्ये ती न्यायालयीन संरक्षणाखाली गेली. तंत्रज्ञान चालत होतं, खर्चाचा मेळ बसत नव्हता.

रेशीम प्युपाची बाजू इथे भक्कम आहे. तुती, पाणी, मजुरी, शेड यांचा खर्च रेशमासाठी होतोच. प्युपासाठी जादा काही लागतं ते सुकवणं, तेल काढणं आणि दळणं. आणखी एक गोष्ट आमच्याकडचा प्रत्येक रेशीमवाला सांगेल: शेजारच्या कापसावरच्या फवारणीचा वारा तुतीवर आला तर अळ्या मरतात. म्हणजे कोष विणून पूर्ण करणारी अळी बऱ्यापैकी स्वच्छ पाल्यावर वाढलेली असते. अर्थात यावर विसंबून तपासणी टाळता येणार नाही. कीटकनाशकांचे अंश, जड धातू, साल्मोनेला या चाचण्या लागतीलच.

शाकाहारी घरांचा प्रश्न

"जीव मारून कुत्र्याला घालायचा?" हा प्रश्न आपल्याकडे येणारच, आणि तो टाळू नये. ज्यांना कीटकहिंसा मान्य नाही, त्यांच्यासाठी हे खाद्य नाही, इतकं सरळ आहे. पण रेशमाच्या बाबतीत एक वस्तुस्थिती लक्षात घ्यावी. पूजेचं सोवळं, लग्नातला शालू, पैठणी यांच्यासाठी तो प्युपा आधीच मेलेला असतो. पेट फूडमुळे एकही जास्त अळी मरत नाही. प्रश्न इतकाच उरतो की, मेल्यानंतर तो सडू द्यायचा की वापरायचा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रीलिंग केंद्रातून प्युपा आणून थेट कुत्र्याला घालू का?
नको. ओला प्युपा लवकर सडतो आणि खवट तेलाने पोट बिघडतं. सुकवून, तपासून, योग्य प्रमाणात मिसळलेलंच खाद्य द्यावं.

किती प्रमाण योग्य?
कंपनीचं 'पूर्ण आहार' असं लिहिलेलं खाद्य असेल तर वेगळं मोजायची गरज नाही. खाद्य बदलताना मात्र आठ-दहा दिवस जुन्यात थोडं थोडं मिसळत बदला.

वास येतो का?
प्युपाला वास असतो, हे खरं. तेल नीट काढलं की तो बराच कमी होतो. कुत्र्याची तक्रार नसते, तक्रार माणसांची असते.

मी गावाकडे काळ्या सैनिक माशीचं युनिट टाकू का?
आधी पेंड कोण विकत घेणार ते लेखी ठरवा, मग शेड बांधा. अळीला रोज काय घालणार, उन्हाळ्यात शेड थंड कशी ठेवणार आणि माल कुठे तपासणार, या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर थांबा.

मी आधीच रेशीम करतो. मला आज काय करता येईल?
तुमच्या भागात रीलिंग कुठे होतं आणि तिथला प्युपा कोण, काय भावाने उचलतो, हे विचारून ठेवा. गटाने कोष विकत असाल, तर रीलिंगवाल्याशी बोलताना प्युपाचा विषय काढा. त्याला त्यातून पैसे मिळत असतील, तर कोषाचा भाव ठरवताना त्या पैशांनाही जागा असायला हवी. आज ती नसते, कारण कोष विकणाऱ्याने कधी विचारलेलंच नसतं.